मुदतीच्या परवान्यावर

कॅनडात कामावर रुजू होताना सोशल इन्शुरन्स नंबर द्यावा लागतो. तात्पुरत्या परवान्यावर असणाऱ्यांचा हा नंबर ९ ने सुरू होतो आणि त्याला मुदत असते. परवाना ज्या तारखेला संपतो त्याच तारखेला नंबरही संपतो. ऑन्टारियो प्रांताच्या हेल्थ कार्डावरही तीच तारीख. पगार करणाऱ्या बाईंना आणि बँकेत कर्जाचा अर्ज घेणाऱ्या माणसाला पहिल्या आकड्यावरूनच कळतं की आपण इथे किती काळापुरते आहोत. कुणी तोंडावर काही बोलत नाही. पण गाडीचं कर्ज पाच वर्षांऐवजी परवाना असेल तेवढ्याच महिन्यांत बसवून मिळतं, आणि हप्ता वाढतो.

२०२० च्या उन्हाळ्यापासून २०२४ च्या वसंतापर्यंत मी अशी मुदतीवर नोकरी करत होते. त्या काळाबद्दल बोलताना लोक व्हिसाबद्दल, थंडीबद्दल, घरच्या आठवणींबद्दल विचारतात. कामाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते त्या तारखेचा सगळ्यात खोल परिणाम कामावर होतो, म्हणून त्याबद्दलच लिहिते आहे.

टोरांटोच्या पश्चिमेला केंब्रिज नावाचं गाव आहे. तिथे विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका मशीन शॉपमध्ये मी इन्स्पेक्टर आहे. त्याआधी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत होते. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग व्हायचं, मी क्वालिटीला. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मग नोकरी, मग २०१८ मध्ये किचनरच्या कॉनेस्टोगा कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स. तो संपल्यावर तीन वर्षांचा काम करण्याचा परवाना मिळाला. हा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो. त्या तीन वर्षांत अनुभव जमवायचा, त्याच्या जोरावर कायम रहिवासासाठी अर्ज करायचा आणि मुदत संपण्याआधी उत्तर यावं अशी आशा धरायची, असा तो मार्ग आहे.

आमच्या इन्स्पेक्शन रूमचं तापमान वर्षभर २० अंश ठेवलेलं असतं. जगभर मोजमापाचं तापमान तेच ठरलेलं आहे. मशीनवरून उतरवलेला अ‍ॅल्युमिनियमचा भाग हाताला कोमट लागतो आणि त्या कोमटपणात खोटं माप असतं. तीनशे मिलिमीटर लांबीचा ब्रॅकेट पाच अंशांनी जास्त गरम असला तर तो जवळपास ३५ मायक्रॉन लांब भरतो. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स कधी कधी त्याहून कमी असतो. म्हणून भाग आधी धुऊन, पुसून ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायचा, पुरेसा निवू द्यायचा आणि मग सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या यंत्रावर, घ्यायचा. प्रोबच्या टोकाला माणकाचा बारीक लाल मणी असतो. तो पृष्ठभागाला टेकतो, मागे येतो, पुन्हा टेकतो. नवीन भाग पहिल्यांदा बनतो तेव्हा एएस ९१०२ या मानकाप्रमाणे फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन करावं लागतं. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला नंबर द्यायचा, प्रत्येक नंबरापुढे प्रत्यक्ष आलेलं माप लिहायचं आणि शेवटी सही करायची. ही कागदपत्रं वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पुढे कधी त्या भागाबद्दल प्रश्न आला की आधी ती फाइल निघते, आणि सही कुणाची ते पाहिलं जातं.

ही सही मला पहिल्या वर्षीच मिळाली. मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं की हिच्या रिपोर्टवर पुन्हा नजर टाकायची गरज नाही. मला फार बरं वाटलं, आणि आजही वाटतं. कंपनीने माझ्या डोळ्यांवर इतका विश्वास टाकला, पण मला कोणत्याही प्रशिक्षणाला पाठवायची वेळ आली की तोच मॅनेजर विचारायचा, “तुझा परवाना कधीपर्यंत आहे?” सीएमएमच्या प्रोग्रॅमिंगचा मोठा कोर्स होता. कंपनी पैसे भरते आणि माणसाने पुढे दोन वर्षं राहायचं असा करार असतो. माझ्या परवान्याची दोन वर्षं उरलेली नव्हती. कोर्सला दुसरा गेला.

मग ते दार. आमच्या शॉपमध्ये एका बाजूला संरक्षण खात्यासाठीचे भाग होतात. तिथे कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. कॅनडात अशा मालासाठी कंट्रोल्ड गुड्स प्रोग्रॅम नावाची व्यवस्था आहे. नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर कंपनीतच त्याची चौकशी करून त्याला आत घेता येतं. तात्पुरत्या परवान्यावरच्या कामगारासाठी मात्र सरकारकडे वेगळा अर्ज करून सूट मिळवावी लागते. देशाने आपली शस्त्रास्त्रांची ड्रॉइंग कुणाला दाखवायची ते ठरवावं, त्यात मला गैर काही वाटत नाही. माझ्यासाठी तो अर्ज करायचा की नाही हे मात्र कंपनीच्या हातात होतं. कंपनी म्हणाली, तुझं पीआर (कायम रहिवास) होईलच, मग बघू.

ते ‘मग’ मला महागात पडलं. मी रुजू झाले ते कोविडचं वर्ष. विमानं जमिनीवर होती, प्रवासी विमानांच्या भागांच्या ऑर्डरी आटल्या. संरक्षणाचं काम मात्र चालू राहिलं. ज्यांच्याकडे कार्ड होतं ते त्या बाजूला वळले आणि त्यांचे तास शाबूत राहिले. आम्हा बाकीच्यांना आठवड्याला तीन दिवस काम. इथे तासांचा हिशेब पगारापुरता नसतो. कायम रहिवासाच्या अर्जात एक वर्षाचा अनुभव म्हणजे १,५६० तास, आठवड्याला तीस धरून. आठवड्यात तीसपेक्षा जास्त केले तर जादा तास धरत नाहीत, आणि कमी केले तर वर्ष लांबतं. चोवीस तासांच्या त्या आठवड्यांत माझं वर्ष लांबत गेलं आणि परवान्याची मुदत मात्र तिच्या वेगाने सरत राहिली.

त्याच दिवसांत, १३ फेब्रुवारी २०२१ ला, सरकारने एक्स्प्रेस एन्ट्रीच्या, म्हणजे गुणांवर कायम रहिवासासाठी निवड करणाऱ्या व्यवस्थेच्या, एका फेरीत २७,३३२ जणांना अर्जाचं निमंत्रण दिलं. कटऑफ होता अवघा ७५, १,२०० पैकी. तेवढे गुण आमच्यापैकी कुणालाही मिळाले असते. पण त्यासाठी कॅनडातला एक वर्षाचा अनुभव हवा होता आणि माझं वर्ष भरलेलं नव्हतं. मे महिन्यात इथे शिकून बाहेर पडलेल्यांसाठी ४०,००० जागांची वेगळी योजना आली. अर्जासोबत इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हवा होता. माझी जुनी परीक्षा कॉलेजच्या प्रवेशासाठीची, ती चालत नव्हती, आणि नव्या परीक्षेच्या तारखा जवळपास कुठे शिल्लक नव्हत्या. जागा दुसऱ्या दिवशी भरल्या. सप्टेंबरपासून तर आमच्या, म्हणजे कॅनडातल्या अनुभवाच्या, वर्गासाठीच्या फेऱ्याच बंद झाल्या, त्या थेट ६ जुलै २०२२ ला सुरू झाल्या, कटऑफ ५५७ घेऊन.

एक्स्प्रेस एन्ट्रीच्या गुणांचं गणित मी अनेकांना समजावून सांगितलं आहे. एकट्या अर्जदाराला वयाचे सर्वाधिक ११० गुण एकोणतिशीपर्यंत मिळतात. तिसाव्या वर्षी १०५, एकतिसाव्या वर्षी ९९, बत्तिसाव्या वर्षी ९४. कामाच्या अनुभवाचे गुण वाढतात, पण पाच वर्षांनंतर तेही थांबतात. मशीन शॉपमध्ये कुठल्याही फोरमनला विचारा, इन्स्पेक्टरचा हात आणि नजर कधी बसते. तो तिशी-पस्तिशी सांगेल. भाग हातात घेतल्यावर गेज लावायच्या आधीच काहीतरी बिनसलंय हे कळायला वर्षं जावी लागतात. ते कळायला लागतं त्याच वयात तक्त्यावरचे गुण उतरू लागतात. धोरण आखणाऱ्यांनी हे गणित कामाच्या जागेवर उभं राहून मांडलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

२०२२ च्या सप्टेंबरात माझ्या अनुभवाचं दुसरं वर्ष भरलं आणि गुण ४९५ झाले. कटऑफ दर दोन आठवड्यांनी उतरत होता: ५०४, ५००, मग दिवाळीच्या पाडव्याला, २६ ऑक्टोबरला, ४९६. एका गुणाने हुकलं. पुढच्या फेरीच्या आधी माझा वाढदिवस आला. एकतिसावं लागलं, गुण ४८९ वर आले, आणि ९ नोव्हेंबरचा कटऑफ लागला ४९४. त्या दिवशी मी शॉपमध्येच होते. जेवणाच्या सुट्टीत फोन पाहिला, मग परत येऊन टायटॅनियमच्या बुशची अख्खी बॅच मोजली. जानेवारीत ४९० लागला, पुन्हा एकाने हुकला. एका फेरीत ४८९ लागला होता, पण ती वेगळ्या वर्गाची होती. तिथे तेव्हा बँकेत तेरा हजारांवर डॉलर स्वतःचे म्हणून दाखवावे लागत होते, आणि माझे पैसे कॉलेजसाठी काढलेलं कर्ज फेडण्यात गेले होते.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ मार्च २०२३ ला, ४८४ लागला. माझं निमंत्रण आलं.

निमंत्रणानंतर साठ दिवसांत सगळी कागदपत्रं भरायची असतात. त्यात सगळ्यात अवघड कागद म्हणजे कंपनीचं अनुभवपत्र. पगार, आठवड्याचे तास, हुद्दा आणि कामाचं वर्णन त्यात हवं. आमच्या एचआरने जे पत्र दिलं त्यात ‘तयार मालाची तपासणी करते’ एवढंच होतं. वाचणाऱ्याला वाटावं, ही पट्ट्यावरून जाणाऱ्या खोक्यांवर नजर ठेवते. तसं काम सरकारच्या वर्गवारीत कुशल धरत नाहीत, आणि त्याचा अनुभव मोजतही नाहीत. माझं काम ७२१०० या क्रमांकाखाली येतं. मशिनिस्ट आणि मशीनिंग-टूलिंगचे इन्स्पेक्टर तिथे एकत्र आहेत. फरक फक्त चार-पाच ओळींचा, पण त्या ओळींवर सगळी वर्षं टांगलेली. एचआरची बाई म्हणाली, आमचा पत्राचा मसुदा ठरलेला आहे, वकिलाला विचारावं लागेल. आठवडे गेले. शेवटी क्यूए मॅनेजर स्वतः तिच्या टेबलाशी जाऊन बसला आणि मी काय करते ते एकेक सांगत गेला. सीएमएम चालवते, ड्रॉइंग वाचते, फिक्स्चर बसवते, फर्स्ट आर्टिकलवर सही करते. तो माणूस मुळात फार बोलणारा नाही. त्याने त्या दिवशी केलेलं मी विसरणार नाही.

पण यातून एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. ज्याच्या पत्रावर आपला अर्ज उभा आहे त्याच्यापुढे आपण आधीसारखे बोलत नाही. शनिवारी येशील का, म्हटलं की हो. रात्रपाळी घेशील का, हो. पगारवाढीचा विषय पत्र मिळेपर्यंत नको. माझा परवाना खुला होता, म्हणजे नोकरी बदलायची मुभा तरी होती. ज्यांच्या परवान्यावर कंपनीचंच नाव छापलेलं असतं त्यांची गत आणखी वाईट. आमच्याकडे मेक्सिकोहून आलेला एक वेल्डर होता. त्याच्या बेमधला धूर ओढणारा पंखा नीट चालत नव्हता. संध्याकाळी त्याचे डोळे लाल व्हायचे. असुरक्षित काम नाकारायचा हक्क ऑन्टारियोच्या कायद्याने त्यालाही होता, कागद तात्पुरता असला तरी. मी त्याला म्हटलं, सांग ना. तो म्हणाला, “तू सांग. तुला कुठेही काम करता येतं.” मी सुरक्षा समितीच्या बैठकीत तो विषय काढला. पंखा बदलायला आणखी महिना लागला. त्या महिन्यात तो रोज तिथेच उभा राहून वेल्डिंग करत होता. मुदतीच्या कागदाची किंमत कोण मोजतं, असं कुणी विचारलं की मला तो आठवतो.

अर्ज मे महिन्यात गेला. तिकडे कोल्हापुरात पोलीस पडताळणीला आलेले हवालदार आण्णांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, बसून चहा पिऊन गेले. त्यांनी मुलीचं लग्न झालंय का हेही विचारलं. इकडे डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी तपासली. तो निकाल बारा महिने चालतो. त्याआधी उत्तर आलं नाही तर पुन्हा तपासणी. उन्हाळ्यात माझा परवाना संपला. मुदत संपायच्या आधी पुढच्या परवान्यासाठी अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटींवर काम करता येतं. कायद्याने सगळं ठीक असतं, पण हातात दाखवायला असतो तो जुना, तारीख उलटलेला कागद आणि अर्ज पोचल्याचं पत्र. प्रत्येक ठिकाणी ते समजावून सांगावं लागतं. आणि या अवस्थेत देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येऊन कामाला लागता येत नाही. नवा परवाना हातात येईपर्यंत थांबावं लागतं, आणि परत यायला व्हिसाही लागतो.

नोव्हेंबरात आण्णांची बायपास ठरली. त्याच सुमाराला भारत आणि कॅनडाचं बिनसलेलं होतं. ऑक्टोबरात कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत गेले होते, मुंबईच्या वकिलातीतलं समोरासमोरचं काम थांबलं होतं, आणि व्हिसाचं काम पाहणारे कॅनेडियन कर्मचारी सत्तावीसवरून पाचवर आले होते. गेले असते तर कधी परतता आलं असतं कुणी सांगू शकत नव्हतं. मी तरी तिकीट पाहून ठेवलं. आण्णांनी फोनवर मला गप्प केलं. “हितं येऊन काय करणार हाईस? डॉक्टर हाईत, तुझा भाऊ हाय. तू आलीस आन् तिकडचं बुडालं तर माझ्या उरावर आणखी एक ओझं. येऊ नगंस.” आयुष्यभर फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस तो. त्यांना कळत होतं की मला जाता येत नाही, आणि न जाण्याचा निर्णय माझा म्हणून राहू नये यासाठी त्यांनी तो स्वतःकडे घेतला. ऑपरेशन झालं त्या वेळी इथे मध्यरात्र होती. मी रात्रपाळी मागून घेतली होती.

पीआरची ईमेल मार्च २०२४ मध्ये आली. पोर्टलवर मी कॅनडात आहे असं सांगायचं, फोटो चढवायचा, मग इलेक्ट्रॉनिक पत्र येतं. त्यानंतरही भारतात जाऊन परत येण्यासाठी प्लॅस्टिकचं कार्ड पोस्टाने यावं लागतं. ते आलं आणि मी मेमध्ये कोल्हापूरला गेले. परतल्यावर कंपनीने चौकशीचे कागद भरून घेतले आणि मला त्या दाराचं कार्ड मिळालं. आत तसंच ग्रॅनाइटचं टेबल, तसंच २० अंश तापमान. जो भाग मला पहिल्या दिवशी मोजायला दिला, तो मी चार वर्षं बाहेरच्या बाजूला करत होते त्यापेक्षा सोपा होता.

माझ्यानंतर आलेल्यांचं काय होतंय ते मी आता लीड म्हणून रोज पाहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने कायम रहिवाशांची संख्या कमी करायचं जाहीर केलं. २०२५ साठी आधी ५,००,००० ठरले होते, ते ३,९५,००० केले. घरं कमी पडत होती हे खरं आहे. किचनर-वॉटर्लूच्या भागात एका तळघरात किती मुलं राहत होती ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. किती लोक घ्यायचे हा त्या देशाचा अधिकार आहे आणि तो मला मान्य आहे. पण जी मुलं जुन्या नियमांवर विश्वास ठेवून फी भरून आली, जी आज मशीनवर उभी आहेत, त्यांच्यासाठी वाटेत नियम बदलणं मला मान्य नाही. कॅनडातल्या अनुभवाच्या वर्गातला कटऑफ २०२४ आणि २०२५ मध्ये ५०० च्या खाली आलाच नाही. माझे ४८९ गुण घेऊन आज मी परत गेले असते. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकले.

माझ्या हाताखाली सांगलीकडचा एक मुलगा आहे. पाच अ‍ॅक्सिस मशीनवर सेटिंग करतो, आणि त्याने लावलेला ऑफसेट मला सहसा बदलावा लागत नाही. फ्रेंच येणाऱ्यांच्या फेऱ्यांचा कटऑफ बराच खाली असतो, म्हणून तो गेलं वर्षभर फ्रेंच शिकतो आहे. आमच्या शॉपमध्ये फ्रेंच बोलणारं कुणी नाही. चहाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून तो क्रियापदांची रूपं पुटपुटत असतो, आणि शेजारी कूलंटची बादली. तो मला ताई म्हणतो. परवा विचारलं, “ताई, परत गेलो तर शिरोलीत पाच अ‍ॅक्सिसची कामं निघतात का?” मी म्हटलं, निघतात, आता बरीच निघतात, मी चौकशी करून सांगते. आणि म्हटलं, तुझं अनुभवपत्र आत्ताच करून घेऊ, निमंत्रण येईपर्यंत थांबायचं नाही.

त्याचं पत्र मी स्वतः लिहिलं. ड्रॉइंग वाचून सेटअप ठरवतो, फिक्स्चर बसवतो, टूल निवडतो, प्रोग्रॅममध्ये बदल करतो, पहिला भाग स्वतः मोजतो. आठवड्याचे तास चाळीस, ताशी पगार, रुजू झाल्याची तारीख. एचआरची बाई तीच आहे. तिने वाचून विचारलं, एवढं सविस्तर कशाला? मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि ७२१०० चं वर्णन उघडून एकेक ओळ दाखवली. सही-शिक्का त्याच दुपारी झाला. त्याच्या परवान्याला अजून सात महिने आहेत, आणि फ्रेंचची परीक्षा पुढच्या महिन्यात.